झाकलेल्या भांड्यातलं मीठ

१

"चाख," चेन्सा म्हणाली.

औषधांच्या दुकानाचं शटर अजून अर्ध्यावरच होतं. दक्षिणेचा दमट वारा सुटला होता. या वाऱ्यात अख्खं गोझो बेट दुधात बुडवून काढल्यासारखं दिसतं. चर्चचा घुमट कुठे संपला आणि आभाळ कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. अशा दिवशी फिलुमेना पुरती जागी व्हायला दुपार उजाडायची. गावाची औषधं तिच्याकडे, आणि औषधांच्या निमित्तानं गावाची गुपितंही. समोर काळ्या पोशाखातली चेन्सा उभी होती, हातात फडक्यानं बांधलेलं भांडं घेऊन.

"काय आहे हे, मावशी?"

"विस्तिनचं कालचं सूप. आधी चाख, मग विचार."

फिलुमेनानं चमचाभर तोंडात घेतलं. फ्लॉवर, बटाटा, नवलकोल, सगळं साधंसुधं. पण जिभेवर समुद्राची लाट फुटावी तशी चव होती.

"खारट आहे."

"कळलं ना?" चेन्साचा आवाज चिरकला. "पहाटे त्याला इस्पितळात नेलं. श्वास लागेना. पाय असे सुजलेत की बोट रुतवलं तर खड्डा तसाच राहतो. डॉक्टर म्हणाले, हा माणूस पोटात मीठ ओततोय. ज्याला चिमूटभर मीठसुद्धा बंद, त्याच्या अंगात मीठ आलं कुठून? ती पोरगी घालतेय, फिलू. माझ्या भावाला ती मारतेय."

ती पोरगी म्हणजे लिगाया. फिलिपाइन्सहून आलेली, विस्तिनची देखभाल करणारी. विस्तिन जन्मभर बोटीवर इंजिन सांभाळणारा माणूस. बायको गेली, हृदय थकलं, औषधांनी जिभेची चवही नेली. पाव दिला काय नि पुठ्ठा दिला काय, त्याला सारखंच. घरात त्याच्यासोबत राहणारी एकटी लिगाया, आणि भिंतीपलीकडे राहणारी ही बहीण.

"साल्वूनं तिला कामावर पाठवणाऱ्या संस्थेला फोन केलाय," चेन्सा म्हणाली. साल्वू म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. "ते आजच येऊन तिला घेऊन जाणार. मग पोलीस."

"तिनंच घातलं कशावरून?"

"घरात दुसरं कोण आहे?"

फिलुमेनानं भांड्यावर परत झाकण ठेवलं. तीस वर्षं ती लिगायासारख्या मुली पाहत आली होती. नोकरी गेली की या देशात राहण्याचा परवानाही जातो, आणि मागे घरी जेवणारी तोंडं असतात. पण तीस वर्षं ती आणखी एक गोष्ट पाहत आली होती. भल्या चेहऱ्याची माणसंही आजाऱ्याला नको ते खाऊ घालतात.

तिनं दुकानाला कुलूप लावलं.

२

लिगाया स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. बॅग भरून दाराशी ठेवलेली. रडून झालं होतं आणि आता राग आलेला होता.

"मी मीठ घातलं नाही, बाई. घातलं असतं तर चव तरी बरी आली असती."

फिलुमेनाला हसू आलं, ते तिनं गिळलं. "सूप खारट लागतं हे तुला माहीत होतं?"

"हो तर! बरेच दिवस झाले. मला वाटलं, आत्याबाईच घालतात. त्या दुपारी येतात, झाकण उघडून बघतात, म्हणतात, 'माझ्या भावाला हे गवत काय देतेस?' म्हणून मी हल्ली इथून हलतच नाही. सूप चढवायचं, झाकण ठेवायचं, आणि इथे राखण करायची. काल तर त्या आल्याच नाहीत. तरी खारट!" तिनं हात पसरले. "आता त्या म्हणतात मी घातलं. मला वाटतं त्यांनी घातलं. आजोबा म्हणतात, छान झालंय."

"मग हे कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? मालकाच्या बहिणीबद्दल मालकाच्या पुतण्याला?"

खिडकीची लाकडी झापं ओढलेली होती. पिवळ्या दगडाच्या भिंतींवर उजेडाच्या पट्ट्या सावकाश सरकत होत्या, जणू घर पाण्याखाली आहे. फिलुमेनाला त्या उजेडात पापण्या जड झाल्यासारखं वाटलं.

"तसंच सूप माझ्यासमोर कर," ती म्हणाली.

मिठाची बरणी तिनं स्वतःच्या पिशवीत टाकली. पातेलं स्वतः घासून पुसलं. प्रत्येक भाजीचा तुकडा कच्चा चावून पाहिला. लिगायानं भाज्या चिरल्या, ओट्यावरच्या छोट्या नळाखाली पातेलं धरलं, गॅस लावला, झाकण ठेवलं. दार बंद. दोघी समोरासमोर बसल्या. लिगाया तिच्या गावाबद्दल बोलत राहिली. तिथेही पिवळा उजेड असतो, पण तो भातावर पडतो. पातेलं हळूहळू पुटपुटायला लागलं.

शिजल्यावर फिलुमेनानं झाकण काढलं आणि चमचा तोंडात घातला.

खारट. कालच्याइतकंच.

खोलीत दोघीच होत्या आणि दोघींपैकी कुणीही मीठ घातलेलं नव्हतं.

फिलुमेना उठली. तिनं एक पेला घेतला, ओट्यावरच्या त्या छोट्या नळाखाली धरला आणि नुसतं पाणी प्यायली. तेही खारट. मग लिगायाकडे वळून म्हणाली, "हे पाणी तू पितेस?"

"नाही, बाई. मी कामावर आल्या आल्या आत्याबाई रागावल्या होत्या, हे महागाचं पाणी फक्त विस्तिनसाठी. मी चौकातल्या यंत्रातून बाटल्या भरून आणते. का?"

"आणि चेन्सामावशी?"

"त्या त्यांच्या हौदातलं पावसाचं पाणी पितात."

फिलुमेनानं पेला ओट्यावर ठेवला. या घरात त्या नळाचं पाणी पिणारा माणूस एकच होता, आणि त्याच्या जिभेला चव नव्हती.

३

घराला पाणी यायचं ते मागच्या शेतातल्या विंधन विहिरीचं. समुद्र जमिनीखालून आत सरकल्यापासून ते खारट झालं होतं. आंघोळीला आणि भांड्यांना चालायचं. काकांच्या पिण्यासाठी म्हणून साल्वूनंच ओट्याखाली शुद्धीकरणाचं यंत्र बसवलं होतं. तो आला तो फणफणतच.

"यंत्रात बिघाड? अशक्य! ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासांत मी स्वतः मीठ अडवणारा नवा पडदा घातलाय त्यात."

"उघडून दाखव."

साल्वू ओट्याखाली शिरला. तो बाहेर पडेपर्यंत फिलुमेनाची नजर त्यानं टेबलावर टाकलेल्या कागदाच्या गुंडाळीकडे गेली. तिनं ती बोटानं उलगडली. या घराचा नकाशा होता. अंगणाच्या जागी निळा पोहण्याचा तलाव, विस्तिनच्या खोलीवर 'पाहुणे' असं लिहिलेलं.

"काका असताना पाहुणे कुठे झोपणार, साल्वू?"

ओट्याखालून तो म्हणाला, "काकांनीच काढायला सांगितला. त्यांना विचारा. ते म्हणाले, माझ्यामागे घर रिकामं राहू नये." त्यानं डोकं बाहेर काढलं तेव्हा कान लाल झाले होते. "मी एवढा वाईट वाटतो का तुम्हाला?"

"आज मला सगळेच वाटतायत. यंत्र दाखव."

त्यानं एकेक भाग काढून फरशीवर मांडला. गाळ अडवणारी पहिली नळकांडी स्वच्छ होती. वास काढणारा कोळसा नवाच. लांबट पोकळीतून पडदा ओढून काढला तर तो जागच्या जागी, त्याची रबरी कडी नीट बसलेली. नळ्या ज्या भोकात हव्या त्याच भोकात. एक नळी पडद्याकडे पाणी आणणारी, एक गोडं पाणी टाकीत नेणारी, आणि तिसरी काळी, भिंतीतल्या भोकातून पलीकडे गेलेली.

"ही?"

"वाया जाणारं पाणी. मोरीत जातं." साल्वूनं सगळं परत जोडलं. "बघा, काहीही बिघडलेलं नाही. मग मीठ आलं कुठून, मी सांगतो. तिनं टाकीतच घातलंय."

दारातून लिगाया म्हणाली, "त्या लोखंडी टाकीत? ती सगळीकडून बंद आहे, उघडायला झाकणच नाही, दादा. मी काय नळीतून एकेक कण ढकलत बसले होते?"

"यंत्र खोटं बोलत नाही," साल्वू म्हणाला. "माणसं बोलतात."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. संस्थेचा माणूस आला होता. फिलुमेनानं त्याला थांबायला सांगून पाहिलं. पण कामावर ठेवणाऱ्यानं तक्रार केली होती, मोठ्या बेटाकडे परतणारी बोट सुटायची होती, आणि त्याला याहून जास्त काही ऐकायचं नव्हतं. लिगायानं बॅग उचलली. जाताना ती फिलुमेनाला एवढंच म्हणाली, "आजोबांना ते पाणी देऊ नका."

गाडी पांढऱ्या धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

४

इस्पितळात विस्तिन उशांना टेकून बसला होता. नाकात नळी, डोळे अर्धवट मिटलेले. खिडकीतून आत येणारं धुकं पलंगापर्यंत पोचलं होतं. फिलुमेनानं त्याचा हात हातात घेतला.

"कार्मनीचं स्वप्न पडतंय का सारखं?" तिनं विचारलं. चेन्सानं तिला सांगितलं होतं, तो बायकोशी बोलतो म्हणून.

"कार्मनी नाही गं," विस्तिन म्हणाला. शब्दाशब्दाला तो दम घेत होता. "ती दुसरी. भिंतीतली. रात्री मी पडलो की बोलायची. हळू... आतल्या आत. बोटीच्या तळात पाणी बोलतं तशी. मला झोप लागायची."

"आणि आता?"

"उन्हाळा लागला नि गप्प झाली." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी कुणाला सांगितलं नाही. म्हातारा चळला म्हणाले असते."

फिलुमेना बसनं गावात परतली. दुपारची निजानीज झाली होती. रस्त्यावर एक मांजरसुद्धा नव्हतं. दुकानाच्या मागच्या खोलीत तिनं चपला काढल्या आणि कोचावर अंग टाकलं. तिला विचार करायचा असला की ती झोपायची. झोप आणि जाग यांच्या मधली एक अरुंद गल्ली असते; तिथे गोष्टी आपोआप एकमेकींजवळ येऊन उभ्या राहतात.

विस्तिनचं शरीर आलं. मीठ आत येतं, बाहेर जात नाही. हृदय थकलं म्हणून किडन्या सुस्तावल्या, आणि बाहेरचा रस्ता बंद म्हणून मीठ पायांत साचलं. मग ओट्याखालचं यंत्र आलं, जणू तेही एक आजारी माणूस. एका तोंडातून खारं पाणी आत. बाहेर पडायला दोन तोंडं. एकातून गोडं पाणी टाकीत, दुसऱ्यातून मीठ घेऊन बाकीचं पाणी भिंतीपलीकडे. रात्रभर, हळू, आतल्या आत बोलत.

ती गप्प झाली.

फिलुमेनाचे डोळे उघडले. पडदा मीठ खात नाही. नुसतं बाजूला ढकलतो. ढकललेलं मीठ वाहून नेणारं दुसरं तोंडच बंद झालं तर? मीठ पडद्यापाशी साचत जाणार, दिवसागणिक जास्त. आत आलेलं मीठ कुठून तरी बाहेर पडणारच. आणि उघडं तोंड मग एकच उरतं.

विस्तिनचा पेला.

साल्वूचं खरं होतं, यंत्रात काहीही बिघडलेलं नव्हतं. पण त्यानं भिंतीच्या अलीकडचंच पाहिलं होतं. आणि विस्तिनचं नि चेन्साचं घर एकेकाळी एकच होतं. भावाबहिणींत वाटणी झाली तेव्हा स्वयंपाकघर विस्तिनकडे आलं होतं. मोरी गेली होती पलीकडे.

५

चेन्सा अंगणात लेस विणत बसली होती. मांडीवर लांबट उशी, बोटांत लाकडी फिरक्या टिकटिक वाजत होत्या. फिलुमेनाला पाहून ती थांबली.

"गेली ना ती?"

"गेली." फिलुमेना सरळ मागच्या भिंतीकडे चालत गेली. दगडावर वरून खाली एक ओघळ उमटलेला होता, शेवाळाचा. पण वाळून राखाडी पडलेला. त्याच्या टोकाशी काळी नळी भिंतीतून बाहेर आली होती. ती दुमडलेली होती, दोनदा, आणि दुमडीवर जाड सुती दोरा घट्ट गुंडाळून त्याला गाठ मारली होती. लेस संपवताना मारतात ती, बारीक, न सुटणारी.

या गावात ही गाठ शंभर बायकांना येत होती. पण या अंगणात एकच बाई राहत होती.

"मावशी, कात्री दे."

चेन्सानं विचारलं नाही कशाला. तिनं कात्री दिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. होता तो जुना हट्ट. "ते पाणी वाया जात होतं, फिलू. रात्रंदिवस. एक पेला त्याच्यासाठी, आणि तीन पेले मोरीत! माझ्या खिडकीखाली. मी ऐकत पडायची. आमच्या आईनं एका तांब्यात चौघांची तोंडं धुतली. तेच पाणी मग पायांना, तेच फरशीला, तेच तुळशीला..." दारातल्या तुळशीच्या कुंडीकडे तिनं हात केला. पाहुण्यानं हुंगावी म्हणून इथे ती दाराशी ठेवतात. "पाणी असं रडत जाताना मला ऐकवेना. गाळणं ते गाळणंच. कचरा गाळात अडकतो, पाणी खाली येतं. मग फेकायचं कशाला? म्हणून बांधून टाकली. माझ्या बांधण्यानं काय बिघडलं? पाणी तर येतच राहिलं ना त्याला?"

फिलुमेनानं दोरा कापला. नळी सरळ झाली, एक उचकी दिली, आणि तिच्यातून पाणी उसळून दगडावर सांडलं. फिलुमेनानं ओंजळीत धरलं आणि चेन्सापुढे केलं.

"चाख, मावशी."

चेन्सानं ओठ लावले. तिचं तोंड वाकडं झालं. तिनं फिलुमेनाकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, पुन्हा ओंजळीकडे पाहिलं.

"हे तर... समुद्र आहे."

"हे इथून जायचं म्हणून त्याला गोडं मिळायचं," फिलुमेना हळू म्हणाली. "इथून जायचं बंद झालं, तेव्हा ते तिकडून गेलं. त्याच्या पेल्यातून. त्याच्या सुपातून."

फिरक्यांची उशी मांडीवरून घसरली. चेन्सा ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"मी मारत होते त्याला," चेन्सा जमिनीला म्हणाली. "आणि बोट तिच्याकडे."

"तुला माहीत नव्हतं."

"तिलाही माहीत नव्हतं. पण तिनं माझं नाव गावात कुठे घेतलं नाही. मी तिचं घेतलं. मोठ्यानं. पावाच्या दुकानातसुद्धा."

६

विस्तिनच्या पायांची सूज उतरायला आठवडा लागला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. साल्वूनं खराब झालेला पडदा बदलला, नळी स्वतःच्या खर्चानं दूरच्या गटारापर्यंत नेली, आणि संस्थेला फोन करून तक्रार मागे घेतली. तिथल्या बाईनं थंडपणे सांगितलं की विष घालण्यासारखा आरोप झाला की तो फोनवर पुसला जात नाही. ज्यानं आरोप केला, त्यानं समोर येऊन सांगायचं. नाहीतर मुलीचा परवाना संपेल आणि ती परत जाईल.

"मी जातो," साल्वू म्हणाला.

"आरोप माझा होता," चेन्सा म्हणाली.

आई गेल्यापासून तिनं गोझो सोडलं नव्हतं. बोटीत ती कठड्याला धरून उभी राहिली, बसली नाही. धुकं अजून होतंच. मागचं बेट विरघळलं होतं आणि पुढचं अजून बनायचं होतं. शेजारी फिलुमेना.

"मला सांगता येईल का गं नीट?"

"जसं मला सांगितलंस तसं सांग."

"तुला मी ओळखते. परक्या माणसापुढे जीभ वळत नाही माझी. ते हसतील. आपलं बोलणं गावंढळ म्हणतात तिकडे."

"हसू देत."

संस्थेच्या कचेरीत पंखा होता, काचेचं टेबल होतं, आणि टेबलामागे चकाकत्या नखांची तरुण बाई होती. "काय काम होतं, आजी?"

चेन्सा खुर्चीवर बसली नाही. "लिगायानं माझ्या भावाला मीठ घातलं असं मी म्हणाले होते," तिनं सुरुवात केली, आणि बोलत गेली: नळीचं, दोऱ्याचं, गाठीचं. पावाच्या दुकानातलंसुद्धा सांगितलं, जे कुणी विचारलं नव्हतं. तरुण बाई हसली नाही. तिनं टायपिंग करणारे हात टेबलावर ठेवून दिले होते.

लिगाया आतल्या दारात उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे.

"आजोबा कसे आहेत?" तिनं विचारलं.

"सपाट झोपतो आता. उशी लागत नाही." चेन्सा तिच्याकडे बघू शकत नव्हती. "तू आलीस तर... मी म्हणत नाही ये. तुला कुठेही काम मिळेल, ही बाई देईल. मी फक्त सांगायला आले."

"रविवारची सुट्टी मला कधीच मिळाली नाही," लिगाया म्हणाली.

"मिळेल."

"पूर्ण दिवस. चर्चनंतर माझ्या मैत्रिणी भेटतात."

"मी सांभाळीन त्याला."

लिगाया विचार करत उभी राहिली. मग लिगाया आत गेली. बाहेर आली ती बॅग घेऊन. पण तिच्या चेहऱ्यावर माफी नव्हती, आणि चेन्सानंही ती मागितली नाही.

धक्क्यावर बोटीचा जिना उभा होता. चेन्सा पुढे झाली आणि बॅगेला हात घातला. लिगायानं ती सोडली नाही.

"जड आहे, आत्याबाई."

"असू दे."

क्षणभर दोघी तशाच, बॅग मधोमध. मग लिगायानं बॅग थोडी फिरवली, आणि दोन बंदांपैकी एक बंद म्हातारीच्या हाताशी आला.

जिना अरुंद होता. दोघींना एका वेळी चढता येईना, म्हणून त्या तिरक्या होऊन चढल्या. एक पायरी ही, एक पायरी ती. मागच्या लोकांचा खोळंबा झाला, कुणीतरी ओरडलं. फिलुमेनानं वळून त्यांना थांबायला सांगितलं.